फोर्टनाईट म्हणजे नक्की किती दिवस? एक रात्र बुडाली म्हणून विचारतोय

माडाखालचं_घर, अंजर्ले

नमस्कार मंडळी. प्रश्न साधाच आहे पण त्यात माझे पैसे गेलेत म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सरळ शेवटचा परिच्छेद वाचा.

आमचं अंजर्ल्याला घरगुती होमस्टे आहे, तीन खोल्या, मागे वाडी, समुद्र पायी दहा मिनिटं. जानेवारीत इंग्लंडहून एक जोडपं येणार होतं, दोघंही रिटायर, पक्षी बघायचा नाद. त्यांचा मेल आला की शनिवार १० जानेवारीपासून आम्हाला 'फॉर ए फोर्टनाईट' खोली पाहिजे. आता फोर्टनाईट म्हणजे पंधरवडा हे शाळेत असल्यापासून पाठ, आणि पंधरवडा म्हणजे पंधरा दिवस, मग मी वहीत बोटं मोजून पंधरा रात्री लिहिल्या आणि २५ ला रविवारी सकाळी खोली मोकळी असं धरून चाललो. उत्तरात लिहिलं, ओके सर, फोर्टनाईट कन्फर्म. जायची तारीख त्यांनीही लिहिली नाही आणि मीही नाही, तिथेच माती खाल्ली.

मधे पुण्याच्या एका ग्रुपचा फोन आला. २६ जानेवारी सोमवारी येत होती म्हणजे जोडून सुट्टी, त्यांना शनिवार-रविवार तीनही खोल्या हव्या होत्या. मी सांगितलं शनिवारी एक खोली अडकलेली आहे, दोनच देऊ शकतो. ते म्हणाले आम्हाला सगळ्यांना एकत्रच राहायचंय, आणि गेले मुरुडला. दोन खोल्या नंतर भरल्या, ही एक राहिली.

२४ ला सकाळी आमची ही मागच्या पडवीत वालाचं बिरडं सोलत बसली होती, कारण त्या बाईंनी आधी एकदा खाल्लं होतं आणि जायच्या आधी परत करा म्हणून सांगितलं होतं, मोड चांगले बोटभर आलेले, कोमट पाण्याचं पातेलं शेजारी. आणि बघते तर दोघं बॅगा घेऊन ओटीवर उभे! खेड स्टेशनला सोडायला गाडीपण येऊन थांबलेली. मी म्हटलं सर अजून एक रात्र आहे ना तुमची. तर ते हसून म्हणाले नो नो, फोर्टनाईट, फोर्टीन नाईट्स. मला वाटलं म्हातारा पैसे वाचवायला शब्दाची गंमत करतोय. चौदा रात्रींचे पैसे चोख दिले, बिरड्याचं कळल्यावर बाई हळहळल्या, आणि गेले.

तर प्रश्न असा की फोर्टनाईट चौदा दिवसांचा की पंधरा? चौदा असेल तर मग आपण त्याला पंधरवडा का म्हणतो? आणि पंधरा असेल तर मी एका रात्रीचे पैसे मागायला हवे होते का?

किनाराकाठ_बाई, रत्नागिरी

दादा, पैसे मागितले नाहीत ते बरं केलंत, कारण ते गृहस्थ गंमत करत नव्हते, शब्दाचा अर्थ सांगत होते. मी बावीस वर्षं मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवलंय आणि या शब्दावर दरवर्षी अशीच गाडी अडते. मुलं तर 'फोर नाईट' म्हणजे चार रात्री असं लिहितात, एकाने 'किल्ल्यावरची रात्र' लिहिलं होतं त्याला मी मनातल्या मनात अर्धा मार्क दिला.

फोर्टनाईट म्हणजे चौदा रात्रीच. जुन्या इंग्रजीत 'चौदा' आणि 'रात्री' असे दोन वेगळे शब्द होते, बोलून बोलून झिजले आणि एक झाला. त्याचाच धाकटा भाऊ होता 'सेनाईट', म्हणजे सात रात्री, आठवडा. तो मेला, आता जुन्या पुस्तकांतच भेटतो, हा मात्र टिकला. त्या बाजूच्या लोकांत पूर्वी दिवस मोजायच्या ऐवजी रात्री मोजायची पद्धत होती, टॅसिटस नावाच्या रोमन इतिहासकाराने पहिल्या शतकाच्या शेवटाला जर्मन टोळ्यांबद्दल लिहून ठेवलंय की हे लोक आपल्यासारखे दिवस मोजत नाहीत, रात्री मोजतात. आणि यात आपण नवल करायचं कारण नाही, आपलं नवरात्र काय आहे मग?

वापराचं सांगते, तुम्हाला मेल येत असतात म्हणून. 'फॉर ए फोर्टनाईट' म्हणजे दोन आठवडे मुक्काम. 'वन्स ए फोर्टनाईट' किंवा 'फोर्टनाईटली' म्हणजे दर दोन आठवड्यांनी एकदा. 'इन ए फोर्टनाईट्स टाईम' म्हणजे आजपासून दोन आठवड्यांनी. आणि 'मंडे फोर्टनाईट' असं आलं तर येत्या सोमवारच्या पुढे अजून दोन आठवडे, यात पाहुणा हमखास चुकवून न्यायला जाल, लक्षात ठेवा. वार तोच येतो ही खूण. शनिवारी आलेला फोर्टनाईटवाला शनिवारीच जाणार, रविवारी कधीच नाही. तेवढं एक वहीत लिहून ठेवलंत की झालं.

खाडीपलीकडचा

बाई तुमचं बरोबर असेल पण आमच्या घरातल्या जुन्या डिक्शनरीत स्वच्छ लिहिलंय 'फोर्टनाईट - पंधरवडा, पक्ष'. मग डिक्शनरी चुकली का? सरकारपण मराठी भाषा संवर्धन पंधरवडा करतं तो १४ ते २८ जानेवारी, मोजा, पंधरा दिवस होतात. माझ्या मते माडाखालच्या दादांची चूक नाही, आपल्या देशात आपला हिशोब.

किनाराकाठ_बाई, रत्नागिरी

डिक्शनरी चुकली नाही, मोजायची रीत वेगळी आहे. इथेच सगळी गंमत आहे, थांबा.

आठवड्यात दिवस किती? सात. मग नाव आठवडा का? कुणी विचारलंय कधी? आपण आजचा दिवस धरून मोजतो. आज बुधवार पहिला, पुढचा बुधवार आठवा. तसंच आज बुधवार पहिला, तर दोन आठवड्यांनंतरचा बुधवार पंधरावा. दोन्ही टोकं धरली की आठ आणि पंधरा, मधल्या रात्री मोजल्या की सात आणि चौदा. दोरी तेवढीच असते हो, आपण गाठी मोजतो आणि ते दोन गाठींमधलं अंतर.

पुरावा पाहिजे? डॉक्टर सोमवारी म्हणतात पंधरा दिवसांनी दाखवायला या. तुम्ही कधी मंगळवारी गेलात का? आपण मोजत पण नाही, सरळ मधला एक सोमवार सोडून पुढच्या सोमवारी जातो, म्हणजे त्या दिवसापासून चौदाच रात्री गेलेल्या असतात. आपला पंधरा दिवसांचा पंधरवडा बोलण्यात फोर्टनाईटएवढाच आहे.

आणि हे फक्त आपलंच नाही. फ्रेंच माणूस आठवड्याला सर्रास 'आठ दिवस' म्हणतो आणि दोन आठवड्यांना 'पंधरा दिवस'. वेल्श भाषेत, म्हणजे इंग्लंडच्या शेजारघरातच, आठवड्याचं नावच 'आठ रात्री' आणि फोर्टनाईटचं 'पंधरा रात्री'. जर्मन तर अजूनच वर, ते आठवड्याला 'आठ दिवस' म्हणतात आणि दोन आठवड्यांना 'चौदा दिवस', एकदा टोकं धरायची एकदा सोडायची. तेव्हा आपणच गोंधळलेले आहोत असं वाटून घेऊ नका.

घरचं उदाहरण हवं असेल तर दीड दिवसाचा गणपती घ्या. चतुर्थीला आणला, पंचमीला विसर्जन, राहिला किती रात्री? एक. पाच दिवसांचा म्हणजे चार रात्री. बाप्पाला होमस्टेच्या रजिस्टरवर चढवलं तर बिल एका रात्रीचं होईल, आणि आपण मात्र अभिमानाने दीड दिवस सांगतो.

माडाखालचं_घर, अंजर्ले

दीड दिवसाचं बिल एका रात्रीचं 😂 हे आमच्या हिला वाचून दाखवलं. बाई पटलं. म्हणजे माझी चूक अशी की मी पंधरा 'दिवस' ऐकलं आणि पंधरा 'रात्री' लिहिल्या, पंधरा दिवस म्हणजे १० ते २४ हे बरोबरच होतं की! २४ तारीख पंधरावा दिवस. अरे देवा. धंद्यात रोज रात्रींचे पैसे घेतो आणि मोजताना दिवस धरले.

बंदरावरचा, हर्णै

इथे सगळे चौदा की पंधरा करत बसलेत, आमच्या धंद्यात दोन्ही चूक.

आम्ही पाणी बघतो. अमावास्या-पौर्णिमेच्या मागेपुढे उधाण, अष्टमीच्या मागेपुढे भांग, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं, मग परत उधाण. चंद्राचा महिना २९ दिवसांवर अर्धा असतो, म्हणजे एका उधाणापासून दुसऱ्या उधाणापर्यंत पावणेपंधरा दिवसाला जरासं जास्त. चौदा धरलेस तर पाणी तुझ्या मागून येतं, पंधरा धरलेस तर पुढे निघून जातं. दोन-तीन पंधरवडे गेले की फरक दिसायला लागतो. म्हणून आमच्याकडे कोण तारखेने मोजत नाही, तिथीने मोजतात.

शहरातल्या माणसाला सोपं सांगतो, तिथीची पाऊणपट करायची ती भरतीची वेळ. आज चतुर्थी तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमी म्हणजे आठ पाऊणे सहा, सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, ओहोटी बाराला. शुक्ल असो वद्य असो हिशोब तोच, पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे. अगदी मिनिटावर येत नाही पण होडी काढायला पुरतं. मोबाईलमधे टाईड टेबल असतं, पोरं तेच बघतात, पण रेंज गेली की म्हाताऱ्यांना विचारतात.

डोल जाळं लावणाऱ्याला तर उधाणच पाहिजे, पाण्याला ओढ असली तर जाळ्यात मासळी, भांगात पाणी मंद, डोल नुसतं लोंबत राहतं. त्यामुळे आमच्या कमाईचा पंधरवडा खरा, तुमचा कॅलेंडरचा. आमच्या घरात बायका उधारीपण 'या उधाणाला देते' अशी सांगतात, दुकानदाराला बरोबर कळतं.

माडाखालचे दादा, तुमचा साहेब १० जानेवारीला आला तेव्हा वद्य अष्टमीच्या आसपास होती ना, म्हणजे भांग. मधे १८ ला अमावास्येचं उधाण बघितलं असेल. आणि २४ ला गेला तेव्हा परत भांग लागायला आलेला. २५ ला थांबला असता तर सप्तमी मिळाली असती आणि पाण्याच्या हिशोबाने त्याचा पंधरवडा जवळजवळ पुरा झाला असता. तेव्हा समुद्राचं मत विचाराल तर तो थोडा लवकरच गेला 😄

माडाखालचं_घर, अंजर्ले

हे वाचून अंगावर काटा आला राव. तो माणूस रोज सकाळी खाडीच्या तोंडाशी कुरव बघायला जायचा आणि चिखल कधी उघडा पडतो ते वहीत लिहायचा. निघताना तो मला म्हणाला होता की मी आलो त्या दिवशीच्या वेळेला पाणी परत आलं नाही अजून, थोडक्यात राहिलं. मला तेव्हा काही बोध झाला नाही, मी आपला खोलीच्या विचारात.

तिजोरीची_चावी

मी एका बँकेत कोकणातल्याच शाखांमधे एकतीस वर्षं काढून निवृत्त झालो. फोर्टनाईट हा शब्द माझ्या डोक्यावर इतकी वर्षं बसलेला आहे की विचारू नका, कारण बँकेत तो शब्द नाही, कायदा आहे.

रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्यात कलम ४२ आहे, बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे किती रोख ठेवायची ते त्यात येतं. त्यात फोर्टनाईटची व्याख्याच होती, शनिवारपासून त्यापुढच्या दुसऱ्या शुक्रवारपर्यंत, दोन्ही दिवस धरून. मोजा, बरोबर चौदा. त्या शुक्रवाराला आम्ही रिपोर्टिंग फ्रायडे म्हणायचो आणि त्या दिवशी घरी वेळेवर गेल्याचं मला आठवत नाही. एकदा तर घरी साखरपुडा होता, आणि मी शाखेत आकडे जुळवत होतो, साडेतीनशे रुपयांचा फरक कुठे दडलाय ते सापडेना.

तर खाडीपलीकडच्यांना एवढंच सांगतो, 'आपल्या देशात आपला हिशोब' म्हणालात, पण आपल्याच देशाच्या कायद्यात तो चौदाचा होता. आणि आता खरी गंमत. २०२५ च्या बँकिंग कायदे दुरुस्तीत ही व्याख्या बदलली. आता फोर्टनाईट म्हणजे महिन्याची १ ते १५ तारीख, आणि १६ पासून महिनाअखेर. म्हणजे पहिला पंधरवडा कायम पंधराचा, दुसरा महिना तीसचा असेल तर पंधरा, एकतीसचा असेल तर सोळा, आणि फेब्रुवारीत तेरा, लीप वर्ष असेल तर चौदा. इंग्रजी शब्दाच्या पोटात 'चौदा' आहे आणि कायद्याने त्याला तेरापासून सोळापर्यंत ताणलाय. नावात काय आहे म्हणतात ते हेच.

पंचांगवाले_काका, देवगड

तिजोरीवाल्यांचे तेरा ते सोळा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो, एरवी मी नुसता वाचत असतो.

आपल्या पक्षाचंही अगदी हेच आहे. पक्षात तिथी पंधरा, त्यात वाद नाही, पण तिथी म्हणजे दिवस नव्हे. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे गेला की एक तिथी. चंद्राची चाल कमीजास्त असते, त्यामुळे एखादी तिथी एकोणीस-वीस तासांत उरकते आणि एखादी सव्वीस तासांपर्यंत लांबते. सूर्योदयाला जी तिथी ती त्या दिवसाची. मग एखादी तिथी दोन सूर्योदयांच्या मधेच लागून संपली तर क्षय, आणि एखादीने दोन सूर्योदय पाहिले तर वृद्धी. म्हणून पक्ष कधी चौदा दिवसांचा, बहुतेक वेळा पंधरा, कधी सोळा. आणि क्वचित दोन तिथींचा क्षय झाला तर तेरा.

हे तेरा दिवसांचं प्रकरण महाभारतात आहे. भीष्मपर्वात युद्धाआधी व्यास धृतराष्ट्राला अपशकुन सांगतात, त्यात म्हणतात की चौदाव्या, पंधराव्या, सोळाव्या दिवशी आलेली अमावास्या मला माहीत आहे पण तेराव्या दिवशी आलेली मला ठाऊक नाही. तेव्हापासून तेरा दिवसांच्या पक्षाचं नाव काढलं की लोक धसकतात, आमच्याकडे लगेच फोन येतात, काका मुंज पुढे ढकलू का. आता बँकेत दर फेब्रुवारीला तेरा दिवसांचा पंधरवडा येणार म्हणजे कठीणच आहे म्हणायचं!

आणि अजून एक. पितृपक्षाला आपण पितृपंधरवडा म्हणतो पण पौर्णिमेचं श्राद्ध धरून सर्वपित्रीपर्यंत तिथी मोजल्या तर सोळा होतात. तेव्हा पंधरवडा या शब्दाने पंधराशी कधीच लग्न लावलेलं नाही.

चिपळूण_ते_न्यूजर्सी

इथे अमेरिकेत फोर्टनाईट म्हणाल तर लोक तुमच्याकडे बघत राहतील. मी नवीन असताना ऑफिसात मीटिंगमधे 'लेट्स मीट फोर्टनाईटली' म्हटलं, शाळेत शिकलेलं इंग्रजी, तर समोरचा म्हणाला हाऊ ब्रिटिश. इकडे सरळ 'टू वीक्स' म्हणतात.

पण इथला घोळ वेगळाच आहे, 'बायवीकली'. आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांनी एकदा? दोन्ही अर्थ डिक्शनरीत आहेत! पगाराच्या बाबतीत बायवीकली म्हणजे दर दोन आठवड्यांनी, वर्षाला २६ चेक. आणि 'सेमीमंथली' म्हणजे महिन्यातून दोनदा, २४ चेक. नोकरी बदलली तेव्हा वर्षाचा पगार वाढूनसुद्धा घरात भांडण झालं, कारण पूर्वी वर्षातून दोन महिन्यांत तीन-तीन चेक यायचे ते बंद झाले. आपली पाक्षिकं असतात ना, १ आणि १६ तारखेची, ती २४ अंकांची, आणि खरोखर दर चौदा दिवसांनी काढलं तर २६ अंक काढावे लागतील. तेव्हा माझं म्हणणं असं की फोर्टनाईट हा शब्द अमेरिकेने टाकून दिला ते चुकलंच, निदान त्याचा अर्थ तरी एकच होता. (आता तिजोरीवाल्यांनी तोही भ्रम घालवला.)

गेमर_दापोलीचा

मला वाटलं फोर्टनाईट नावाच्या व्हिडिओ गेमबद्दल धागा आहे म्हणून उघडला 💀 एवढं वाचून गेलो पण. गेमचं स्पेलिंग वेगळं आहे, शेवटी 'नाईट'चं स्पेलिंग छोटं केलंय. २०१७ ची आहे, आधी त्यात दिवसा किल्ला बांधायचा आणि राक्षस आले की वाचवायचा असं होतं म्हणून फोर्ट, आणि फोर्टनाईटवर कोटी. बॅटल रॉयल, म्हणजे शेवटी एकच उरेपर्यंत एकमेकांशी लढायचं, ते नंतर आलं त्याच वर्षी. बाईंनी त्या 'किल्ल्यावरची रात्र'वाल्याला पूर्ण मार्क द्यायला पाहिजे होता, तो काळाच्या पुढे होता.

किनाराकाठ_बाई, रत्नागिरी

त्याने ते लिहिलं तेव्हा ती गेम आली नव्हती रे बाळा. पण मुद्दा मान्य, भेटला तर उरलेला अर्धा देईन.

सिलिंडर_हेड, लोटे

आमच्या इंजिनियर लोकांचा एक जोक आहे तो टाकतो. इंग्रजी मापांची थट्टा करायला फर्लांग, फर्किन आणि फोर्टनाईट अशी मापपद्धती काढलेली आहे, लांबी फर्लांगात, वजन फर्किनात, वेळ फोर्टनाईटमधे. त्यात वेग येतो फर्लांग पर फोर्टनाईट. आणि एका जुन्या कॉम्प्युटर सिस्टिममधे खरोखर एक सेटिंग मायक्रोफोर्टनाईटमधे असायचं! चौदा दिवसांचे सेकंद होतात १२,०९,६००, त्याचा दहा लाखावा भाग म्हणजे १.२०९६ सेकंद. म्हणजे जवळजवळ एक सेकंदच, लिहिणाऱ्याला तेवढीच मजा. पंधरा दिवस धरले असते तर १.२९६ आला असता, तेव्हा कॉम्प्युटरचं मतही चौदाच.

तिठ्यावरचो

मालवणात कोण फोर्टनाईट म्हणता? धा-पंधरा दिस म्हटला की झाला. आता ता धा की पंधरा ह्या इचारूचा नाय. सुतार माका 'धा-पंधरा दिसात दार बसवतंय' म्हणान गेलो तो शिमग्याक, आता गणपती इले.

बंदरावरचा, हर्णै

सुताराचा पंधरवडा वेगळा असतो, त्याला कुठलंच पंचांग लागू नाही.

माडाखालचं_घर, अंजर्ले

सगळ्यांचे आभार. एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं, हिला एकेक वाचून दाखवली, सुताराचं वाचून ती इतकी हसली की शेजारच्या काकू विचारायला आल्या.

मी आता केलंय असं की बुकिंगच्या उत्तरात येण्याची तारीख-वार, जाण्याची तारीख-वार आणि रात्री किती हे तीनही लिहितो, मग समोरच्याने फोर्टनाईट लिहू दे नाहीतर पंधरवडा. बाईंचा 'वार तोच येतो' हा नियम कॅलेंडरच्या बाजूला पेनाने लिहून ठेवलाय. बंदरावरच्या भाऊंचा पाऊणपटीचा हिशोब पण लिहिलाय, पाहुणे रोज विचारतात पाणी कधी उतरणार, आणि मी आजवर 'जाऊन बघा' सांगत होतो.

त्या साहेबांना मेल टाकला की तुम्ही थोडक्यात राहिलं म्हणालात ते पाणी २५ ला तुमच्या वेळेवर आलं असतं. त्यांचं दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. पुढच्या जानेवारीत परत येतायत, आणि लिहिलंय की या वेळी पंधरा रात्री, एक रात्र पाण्यासाठी आणि तो दिवस बिरड्यासाठी. तारखा मात्र परत लिहिलेल्या नाहीत! विचारल्या आहेत.

आणि जाता जाता, आजच अजून एक मेल आलाय, मुंबईत काम करणारी कोणी बाहेरची मुलगी आहे, तिला यायचंय 'फॉर ए कपल ऑफ डेज'. आता हे कपल म्हणजे दोन दिवस की नवराबायको? एक बेड लावू की दोन? आणि दोन दिवस म्हणजे एक रात्र की दोन? बाई, इथेच सांगताय की नवीन धागा काढू?